हल्ली कडेनं कोणी खेळतच नाही

३ सप्टेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. दादानं आपल्या दोघांना फोनवर खेळाचं बोलायला बंदी घातली ते एका परीनं बरंच झालं. मागच्या वेळी मी इतका ओरडलो की कोणाचं बरंवाईट झालं की काय, म्हणून शेजारचे विचारायला आले. कागदावर ओरडलं तर शाई तेवढी जास्त लागते, बाकी कोणाला त्रास नाही.

तर मुद्द्याचं. फुटबॉल मेला. काल ज्याला सगळे 'काय मॅच झाली' म्हणतायत ती मॅच मी पूर्ण बघितली, आणि माझं मत पक्कं झालं. हल्ली कडेनं कोणी खेळतच नाही. सगळी गर्दी मध्ये. बाजारात स्वस्त कांदे आल्यासारखे सगळे एका जागी जमतात, लाथा मारतात, आणि मग चेंडू आभाळातून पडल्यासारखा मध्येच कुठून तरी येतो, कोणीतरी डोकं लावतो, की झाला गोल. याला काय खेळ म्हणायचं? मी लहान असताना दादा मला कडेवर घेऊन मैदानाच्या कुंपणाशी उभा राहायचा. समोरून रेषेला धरून पळणारा गडी दिसला की मी टाळ्या पिटायचो. त्याला मी 'कडेवरचा' म्हणायचो, कारण मी कडेवर होतो ना! घरात अजून तोच शब्द चालतो. पण शब्द राहिला आणि माणसं गेली. कडेवरचे उरलेच नाहीत.

दुसरं, ह्या टीव्हीवाल्यांना आता गोल किती झाले हे दाखवायचंही जिवावर येतं. पूर्वी वर डाव्या कोपऱ्यात आकडे असायचे. ह्या मोसमात काढूनच टाकले. बोलणाऱ्यानं सांगितलं तर कळणार, नाहीतर बसा बोटं मोजत.

मी खुर्ची मागच्या भिंतीला नेऊन लावली आहे. लांबून जरा बरं दिसतं. पण बसवत नाही हो. हाफटाइमच्या आधीच उठतो, फेऱ्या मारतो, परत बसतो. काहीतरी निसटतंय असं सारखं वाटत राहतं. तुमची धाकटी जाऊ म्हणते, हे वय बोलतंय. मी म्हणतो, खेळ बिघडलाय.

मी चालवतो त्या बसचा दाराकडचा आरसा परवा फुटला. नगरपालिकेनं खांब पार रस्त्यात आणून ठेवलाय. डेपोत मलाच ऐकून घ्यावं लागलं. दादाला नमस्कार.

तुमचा,
भावजी

११ सप्टेंबर

प्रिय भावजी,

अनेक आशीर्वाद. जिभेला थोडे कमी.

तुमचं पत्र मी लाँड्रीच्या काउंटरवरच उघडलं आणि मोठ्यानं वाचलं. तुमचे दादा व्हॅनमध्ये गाठोडी भरत होते. ते म्हणाले, "ह्याला सांग, खेळ नाही बिघडला, डोकं बिघडलंय." हे त्यांचं मत. माझं निराळं आहे. फुटबॉल बिघडलाच आहे, पण तुम्ही सांगता त्या कारणानं नव्हे. तुमचा फुटबॉलवाला वाऱ्यानं पडतो. पडला की पोटरी धरून पंचाकडे बघतो. पंच बघत नाही म्हटल्यावर उठून हरणासारखा पळतो. असल्या माणसाचे कपडे धुवायला आले असते तर मी दुप्पट पैसे लावले असते, अभिनय धुवायचे.

म्हणून मी रग्बीवर जीव लावला. इथल्या क्लबचे शर्ट दर आठवड्याला आपल्याकडे येतात हे तुम्हाला ठाऊकच आहे. चिखल इतका की आधी वाळवून झटकावा लागतो, मग रक्ताचे डाग थंड पाण्यात भिजत घालायचे. नव्या पोरीनं एकदा गरम पाण्यात घातले आणि डाग जन्माचा बसला. असे शर्ट धुता धुता वाटलं, बघावं तरी हे लोक करतात काय. आता एक मॅच चुकवत नाही. माणूस पडतो, उठतो, नाकाला बोळा लावतो आणि परत घुसतो. रडारड नाही. आणि मला सगळ्यात काय आवडतं सांगू? चेंडू हातानं द्यायचा तर मागच्यालाच द्यायचा. पुढे फेकला की चूक. म्हणजे मागच्या माणसावर भरवसा ठेवल्याशिवाय पुढे जायची सोयच नाही. तुमच्या दादांना संसारात हे अजून उमगलेलं नाही.

आता तुमच्या मॅचबद्दल. ती आम्हीही बघितली, आणि भावजी, तुम्ही डुलक्या काढत होता का? दोन्ही गोल कडेवरून आले! पहिल्यात तो शेंडीवाला मैदानाच्या मध्यापासून रेषेला धरून पळत आला, दोघांना चकवलं आणि मग चेंडू आत टाकला. तुमच्या दादांनी चहा सांडला त्याच्या पायी. दुसऱ्या गोलाला समोरच्या बाजूचा. आभाळातून कसला पडतोय?

रविवारी रग्बीची मोठी मॅच आहे. बघा आणि मत कळवा. न बघता शिव्या घालायच्या नाहीत.

तुमची,
वहिनी

१९ सप्टेंबर

ती. वहिनी,

नमस्कार. तुमच्या शब्दाखातर बघितली. पूर्ण बघितली असं शपथेवर सांगवत नाही, कारण मध्ये चार वेळा उठलो.

चेंडू म्हणावा तर ते अंडं आहे. एका वेळी पंधरा विरुद्ध पंधरा धटिंगण त्याच्यामागे. बरं, ढीग करून पडतात तेवढं मला आवडलं, निदान कुठे बघायचं ते कळतं. पण ढीग सुटला की संपलं. अंडं कुठे गेलं ते देवालाच माहीत. एक गडी छान पळत होता, पुढे सगळं मोकळं रान, मी खुर्चीतून अर्धा उठलो, आणि कुठून तरी एक रेडा येऊन त्याला आडवा करतो. कुठून आला? आधी दिसायला नको? असा माणूस हवेतून काढायचा असेल तर जादूचे प्रयोग बघीन की, खेळ कशाला बघू? आणि ह्यांनीही गुण दाखवले नाहीत. टीव्हीवाले सगळे एकाच माळेचे मणी.

शेंडीवाल्याबद्दल सांगतो. तो रेषेवरून आला हे तुम्ही कपड्यांना इस्त्री करता करता बघितलं असणार. मी डोळ्यांत तेल घालून बघत होतो. चेंडू मध्ये आला तेव्हा तिथे कोणी शेंडीवाला नव्हता. वादात वहिनीचा मान ठेवायचा म्हणून गप्प बसेन, पण मत बदलणार नाही.

खरं तर खेळाचं लिहायचा आज मूड नाही. सध्या हात शिवशिवतात, चीड येते. रस्त्यावर माणसं वाटेल तशी वागतात. काल एक सायकलवाली बसच्या दारापाशी उगवली. आली म्हणत नाही, उगवली. वाहक किंचाळला म्हणून मी ब्रेक मारला. सगळे प्रवासी एकमेकांच्या अंगावर. बाई माझ्या सात पिढ्यांचा उद्धार करून गेली. इतकी वर्षं बस चालवतोय, पण लोक असे कुठूनही उगवत नव्हते. वाहक एरवी चुरुचुरु बोलतो, तो दिवसभर गप्प होता. त्याचाही मला रागच आला.

तुमचा,
भावजी

२४ सप्टेंबर

प्रिय भावजी,

आशीर्वाद. तुमचं पत्र आलं तेव्हा मी उत्तर मनातल्या मनात तयारच करत होते. तुमच्या रेड्यावर चांगलं अर्धं पान लिहिणार होते. मग रात्रीचं जेवण करताना एक गोष्ट डोक्यात आली आणि घास तसाच राहिला.

भावजी, गुण दाखवतात. पहिल्या मिनिटापासून शेवटपर्यंत दाखवतात. ह्या मोसमात वरच्या डाव्या कोपऱ्यातून खालच्या उजव्या कोपऱ्यात आणले आहेत, एवढंच. फुटबॉललाही आणि रग्बीलाही.

मग मी तुमची दोन्ही पत्रं काढून परत वाचली. कडेनं कोणी खेळत नाही. कोपऱ्यात आकडे नाहीत. खुर्ची लांब नेली की बरं दिसतं. आडवा करणारा हवेतून येतो. खांब रस्त्यात आला. सायकलवाली उगवली. भावजी, हे सगळं कडेचंच आहे हो. मधलं तुम्हाला सगळं दिसतंय.

आईंची शेवटची वर्षं आठवा. हाताशी पाण्याचा ग्लास ठेवला तरी म्हणायच्या, "मला कोणी पाणी विचारत नाही." समोर धरला की घ्यायच्या. दाराच्या चौकटीला खांदा आपटायचा. आपण म्हणत होतो, म्हातारपण, कुरकुर करतात. त्यांचे डोळे कोणी बघितलेच नाहीत. आमच्या गिऱ्हाइकांत एक डोळ्यांच्या दवाखान्यातली नर्स आहे, तिला मी विचारलं. काचबिंदू म्हणाली. कडेपासून खात येतो, दुखत नाही, माणसाला कळतही नाही. आणि घराण्यात असतो.

आधी डोळे दाखवा. दाखवेपर्यंत बस बाहेर काढू नका. चेष्टा करत नाही.

तुमची,
वहिनी

२८ सप्टेंबर

ती. वहिनीस,

वादात हरायची वेळ आली की समोरच्याचे डोळेच काढायचे, ही रीत चांगली आहे. फुटबॉलबद्दल एक मत दिलं, तर मी आंधळा ठरलो. उद्या रग्बीला नावं ठेवली तर मला वेडा ठरवून मोकळ्या व्हाल.

डेपोत आमची तपासणी होते. मी तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली. माझ्या मागचा पोरगेला ड्रायव्हर मधल्या ओळीला अडखळला. ते तुमच्या नर्सला सांगा.

आणि आईला मध्ये आणायचं कारण नव्हतं. ती म्हातारी झाली होती, आंधळी नाही.

बस बाहेर काढू नका म्हणता. मग काय करू? मला दुसरं येतं काय? तुम्हाला वाटतं तितकं ते सोपं नाही. ह्या विषयावर पुन्हा लिहू नका. दादाला ह्यातलं काही सांगितलं असेल तर तेही चुकलं.

भावजी

४ ऑक्टोबर

भावजी,

लिहू नका म्हणालात, तरी लिहिते आहे. राग येऊ द्या.

तक्ता समोर टांगलेला असतो. समोरचं तुम्हाला दिसतं हे मीच म्हणाले होते. दाराजवळची बाई समोर नव्हती.

तुमच्या डेपोच्या साहेबांना मी पत्र लिहिलं आहे. पाकीट बंद केलं, पत्ता घातला, आणि काउंटरच्या खणात ठेवलं आहे. टाकलेलं नाही. ते टाकलं तर तुम्ही मला जन्मात वहिनी म्हणणार नाही, हे मला माहीत आहे. लग्न होऊन ह्या घरात आले तेव्हा माझ्याशी पहिलं हसून बोललात ते तुम्ही. ते नातं तोडायची मला हौस नाही. पण वाहक एक दिवस उशिरा किंचाळला तर काय, हा विचार माझ्या डोक्यातून जात नाही. इस्त्री करताना, गाठोडी मोजताना, तोच. काल एकाचा चांगला सदरा जाळला. त्यामुळे नातं तुटलं तरी मी पाकीट टाकणार आहे. आधी तुम्ही स्वतः जा, एवढं मागते.

मला खोटं पाडा ना! तुम्हाला तर आवडतं ते. कोणाला तरी बाजूनं चालत यायला सांगा आणि समोर बघत उभे राहा. माझी चूक निघाली तर मी पत्रातून नाक घासून माफी मागेन आणि वर्षभर फुटबॉलला नावं ठेवणार नाही.

तुमच्या दादांना मी सांगितलं आहे. त्यांनाही डोळ्यांच्या डॉक्टरकडे नेणार आहे. व्हॅन तेच चालवतात.

वहिनी

२२ ऑक्टोबर

ती. वहिनी,

नमस्कार. उत्तराला उशीर झाला. पाकीट टाकू नका, त्याची गरज उरली नाही.

तुमचं पत्र आलं तेव्हा मी फक्त एक गोष्ट ठरवली, की तुम्हाला खोटं पाडायचं. सकाळची पाळी होती. बस धुवून उभी होती. मी वाहकाला म्हटलं, चल, एक गंमत करू. धुण्याच्या जागेवर भिंतीला नळ आहे, त्या नळाकडे बघत मी उभा राहिलो. त्याच्या हातात लाल बादली दिली आणि सांगितलं, माझ्या मागून बाजूबाजूनं पुढे ये, बादली दिसली की मी 'दिसली' म्हणतो. पत्रात लिहायला साक्षीदार हवा होता ना.

मी नळाकडे बघत उभा. म्हटलं, "निघ आता."

तो म्हणाला, "निघालो."

मी थांबलो. म्हटलं, "अरे ये की लवकर, पाळीला उशीर होतोय."

 तो हळूच म्हणाला, "मी तुमच्या शेजारी उभा आहे. बादली तुमच्या खांद्याशी धरली आहे."

मला वाटलं थट्टा करतोय. मान वळवली, तर होता. दुसऱ्या बाजूनंही केलं. त्या बाजूला थोडं लवकर दिसलं, पण तेही नाकासमोर आल्यासारखंच. सायकलवालीचं नाव आम्ही दोघांनीही काढलं नाही. त्यानं बादली खाली ठेवली आणि नळ नुसताच सोडून हात धूत बसला.

मी किल्ली नेऊन साहेबांच्या टेबलावर ठेवली. बस बाहेर काढली नाही. थांब्यावर लोक बोंबलत राहिले असतील, बोंबलू देत.

डॉक्टरकडे एक यंत्र आहे. त्यात तोंड घालून समोरच्या ठिपक्याकडे बघायचं, कडेला दिवा लागला की बटण दाबायचं. मी किती वेळ बटणावर अंगठा ठेवून बसलो होतो. शेवटी म्हटलं, "बाई, यंत्र बिघडलंय, दिवे लागत नाहीत." ती म्हणाली, "लागतायत, काका." तुमच्या नर्सनं सांगितलं तोच आजार. गेलं ते परत येत नाही. थेंब घालून आहे ते टिकवायचं. बस कायमची सुटली.

वहिनी, मला डोळ्यांपेक्षा दुसऱ्याच गोष्टीचा त्रास होतो. डोक्यातली सगळी मतं मी आता उलटीपालटी करत बसतो. फुटबॉल मेला हे माझं मत, की डोळ्यांचं? लोक वाट्टेल तसे वागतात, हे माझं की डोळ्यांचं? आईला आपण कुरकुरी म्हणालो, ते तर आपलंच होतं. मी कशावर भांडू आता? आणि घरात बसवत नाही, बाहेर जाववत नाही. ह्या खोलीतून त्या खोलीत, त्या खोलीतून ह्या खोलीत.

तुम्हाला जे बोललो ते मागे घेतो.

तुमचा,
भावजी

३० ऑक्टोबर

प्रिय भावजी,

खूप खूप आशीर्वाद, ह्या वेळी जिभेलाही.

पाकीट भट्टीत टाकलं. तुमचं पत्र वाचून मी रडले आणि नव्या पोरीला सांगितलं, साबण डोळ्यांत गेला. ती म्हणाली, आज साबण काढलेलाच नाही.

तुमच्या दादांचे डोळे तपासले. त्यांच्यातही आहे. पण नुकती सुरुवात, कडा अजून शाबूत आहेत. डॉक्टर म्हणाले, वेळेवर आलात, अजून काही वर्षांनी आला असतात तर काही सांगता आलं नसतं. ते बाहेर येऊन व्हॅनला टेकून उभे राहिले आणि म्हणाले, "त्याला लिही, मी कडेवर घ्यायचो ते फुकट गेलं नाही." एवढंच म्हणाले. तुम्ही त्यांना ओळखता, एवढं म्हणजे त्यांचं भाषण झालं. भावजी, तुम्ही ती खुळचट मतं इतक्या तावातावानं लिहिली नसती तर मला काही कळलं नसतं. मुळमुळीत माणूस असतात तर तुमचा भाऊ आम्ही असाच अंधारात घालवला असता.

कशावर भांडू म्हणून विचारता. फुटबॉलवाले वाऱ्यानं पडतात की नाही, ह्यावर भांडा. ते मध्येच पडतात, तुम्हाला दिसतं. मी वाट बघते आहे.

तुमची,
वहिनी

१४ नोव्हेंबर

ती. वहिनी व दादा,

नमस्कार. मला डेपोतच बसमध्ये सापडलेल्या वस्तूंच्या खोलीत बसवलं आहे. छत्र्या, डबे, बाळाचा एक बूट, आणि एक दातांची कवळी. कवळी विसरून माणूस बसमधून उतरतो आणि घरी जाऊन जेवतो कसा, हा माझा सध्याचा अभ्यासाचा विषय आहे. कोणी अजून न्यायला आलेलं नाही.

फुटबॉलवाले पडतात ते कसब असतं. पंचाला बघायला लावणं हाही खेळाचा भाग आहे, तुमच्या रेड्यांना ते काय कळणार? हे झालं भांडण. आता जे लिहायचं आहे ते लिहितो.

परवा मॅच लागली. मी खुर्चीत. चेंडू दिसेनासा झाला की अजून तीच तगमग होते. उठायचं म्हणून मान वळवली, आणि दचकलो. खिडकीच्या बाजूला, भिंतीशी, बैठ्या स्टुलावर तुमची जाऊ बसलेली. मांडीवर शिंप्याकडचे सदरे, बटणं लावत होती.

मी म्हटलं, "तू कधी आलीस?"

ती म्हणाली, "मी इथंच असते की."

"इथं म्हणजे?"

"इथं. मॅच असली की इथंच बसते. उजेड बरा पडतो. तुम्ही बोलत नाही म्हणून मीही बोलत नाही. म्हटलं, खेळात व्यत्यय नको."

मला वाटायचं ती आत असते. खरंच वाटायचं, वहिनी. म्हटलं, "मला सांगायचं नाहीस?" तर म्हणाली, "काय सांगायचं? तुम्ही माझ्या बटणांचा डबा लाथेनं उडवलात तेव्हाही डब्याकडे बघून ओरडलात, 'हा इथे कोणी ठेवला?' मी शेजारी बसून बटणं गोळा केली. मला वाटलं, माझ्यावर राग आहे तुमचा. कशाचा ते आठवून बघत होते."

इतके दिवस ती शेजारी बसून हे आठवत होती. आणि मी तुम्हाला पानंच्या पानं लिहीत होतो, फुटबॉल मेला म्हणून.

मी खुर्ची उचलून तिच्या स्टुलाशेजारी आणली आणि तिरकी लावली. आता अर्धा खेळ बुडतो, पण मान जराशी हलवली की ती दिसते. बुडालेला अर्धा तिनं सांगायचा असं ठरलं. तिला खेळातलं काही कळत नाही. गोलरक्षकाला ती 'तो वेगळ्या रंगाचा' म्हणते. मध्येच सुई थांबवून म्हणाली, "अहो, तिकडे त्या टोकाला एक जण केव्हाचा हात वर करून उभा आहे. त्याला कोणीच का देत नाही?"

मी मान वळवून बघितलं. होता, वहिनी. अगदी रेषेवर उभा होता.

तुमचा,
भावजी